साहेबांची झोप

नोकरीची एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत कंपाउंडर म्हणून काढली. मिक्श्चर तयार करायचं, पुड्या बांधायच्या, बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, सुया उकळायच्या. लोक घरून बाटल्या आणायचे. कुणाच्या बाटलीला रॉकेलचा वास, कुणाच्या बाटलीला दारूचा. त्या आधी धुऊन घ्याव्या लागत. त्या वर्षांतलं आता फारसं काही आठवत नाही. पण एकोणीसशे अठ्ठावन्न ते साठ ही दोन वर्षं आठवतात, आणि आठवली की अजून अंग जड होतं. त्या काळात मी जितका थकलो तितका पुढे कॉलऱ्याच्या साथीतही थकलो नाही.

गाव केळापूर तालुक्यातलं. पांढरकवड्याहून बस यायची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दवाखाना तीन खोल्यांचा, पुढे पत्र्याची पडवी, मागे डॉक्टरांचं क्वार्टर. मी गावात एका खोलीत राहत होतो. आमचा तांडा फार लांब, ढाणकीच्या पलीकडे. तांड्यातून मॅट्रिक झालेला मी पहिलाच, त्यामुळे आमच्या लोकांना वाटायचं की मी डॉक्टरच झालोय. मी सुट्टीवर गेलो की म्हातारे जीभ बाहेर काढून माझ्यापुढे बसायचे.

डॉक्टरसाहेब माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. अमरावतीच्या नोकरदार घरातले. वडील कचेरीत होते, भाऊ वकील. एकच मुलगी, ती शाळेसाठी आजोळी. साहेब बोलायला मोजके, पण हात फार हलका. त्या वेळी आमच्याकडे नारूचे रोगी खूप यायचे. पायाच्या फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली तर आत तुटतो आणि पाय सडतो. साहेब ते काम कुणावर सोपवत नसत. जमिनीवर उकिडवे बसून, रोग्याचा पाय मांडीवर घेऊन, रोज बोटभर. मी त्यांच्याकडून चिकाटी शिकलो ती तिथे.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर एक दिवस त्यांच्या हातून नारू तुटला. एक कोलाम म्हातारी होती. तिनं "आई गं" केलं, आणि साहेब हातातल्या काडीकडे बघत राहिले. मी पुढे होऊन पाय धुतला, पट्टी बांधली. साहेब उठले, खुर्चीत जाऊन बसले आणि पुढच्या रोग्याला काही विचारलंच नाही. रोगी आपला उभा. मी म्हटलं, "साहेब, याले ताप हाय." ते म्हणाले, "हो." आणि चिठ्ठीवर खोकल्याचं औषध लिहिलं.

असं मग होऊ लागलं. एकाच रोग्याची चिठ्ठी दोनदा लिहायची. इंजेक्शन सांगायचं आणि कुठलं ते सांगायचं नाही. मी आपला सांभाळून घ्यायचो. बाजाराच्या दिवशी शंभरावर माणूस असायचं, त्यात कुणाच्या लक्षात येत नसे. एकदा दुपारी दवाखाना बंद करताना मी धीर करून विचारलं, "साहेब, तब्येत बरी नाही काय?"

"झोप येत नाही," ते म्हणाले.

मला खरं तर हसू येणार होतं. झोप येत नाही हाही काय आजार झाला? आमच्या तांड्यात दिवसभर राबलेला माणूस पाठ टेकताच मेल्यासारखा पडतो. मी म्हटलं, "दुपारी थोडं पडत जा जी."

"पडतो. दुपारी पडतो, रात्री पडतो. डोळे मिटतो. तीन वाजता सगळं गाव झोपलेलं असतं आणि मी कौलं मोजत असतो. दीड महिना झाला."

त्यांनी आधी स्वतःला ब्रोमाइडचं मिक्श्चर लिहून दिलं. मीच तयार केलं. मग झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या विषाच्या कपाटात असत. दवाखान्यात एक छोटं लोखंडी कपाट होतं, त्यात अशी औषधं असायची, आणि किल्ली साहेबांकडे. कपाटातल्या गोळ्या कमी होताना मला दिसत होत्या, पण साहेबांना मी काय विचारणार? डॉक्टर ते. मी त्यांच्या हाताखालचा.

डिसेंबर असावा. चिठ्ठ्या संपल्या होत्या, झाडूवाली पडवी झाडत होती. साहेब माझ्या टेबलाशी आले आणि किल्ली पुढे ठेवली.

"ही तुमच्याकडे ठेवा. कामाला लागेल ते तुम्हीच काढून देत जा."

"काहून साहेब?"

"काहून ते विचारू नका. आणि मी मागितली तरी मला द्यायची नाही. घरात सांगायचं नाही."

मी किल्ली करगोट्याला बांधली. मला वाटलं, साहेबांना विसरायला होतं म्हणून दिली असेल. मी इतका भोळा होतो की आपल्यावर विश्वास टाकला याचा मला आनंद झाला.

चार-पाच दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमारास, मी खल धुऊन पालथा घालत होतो. साहेब आले आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या."

मी म्हटलं, "काय पायजे सांगा, मी काढून देतो."

"मला काढायचं आहे. द्या."

त्यांचा आवाज चढला नव्हता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात. मी म्हटलं, "साहेब, तुमीच म्हणलं होतं का मांगतली तरी देऊ नको."

"मी तुमचा वरिष्ठ आहे, कंपाउंडर."

"हौ जी."

"मग?"

सरकारी नोकरी, ती गेली तर तांड्यात तोंड दाखवायला जागा नाही. मी करगोट्यावर हात दाबून उभा राहिलो आणि म्हटलं, "मी नाही देत."

साहेबांनी पुढे केलेला हात खाली घेतला. मग मागे सरकले आणि रोग्यांच्या बाकावर बसले. त्या बाकावर ते कधी बसत नसत. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मला झोपायचं आहे हो," ते म्हणाले. "फक्त झोपायचं आहे. परत उठायचं नाही."

ते ऐकलं आणि मला किल्लीचा अर्थ कळला. चार दिवस मी काय बांधून फिरत होतो ते कळलं. मी त्यांच्याशेजारी बसलो. काय बोलावं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ताप आला तर काय, साप चावला तर काय, हे शिकवलं होतं. मी एवढंच म्हटलं, "चला, घरी सोडून देतो." ते उठले. दवाखान्याच्या मागे पन्नास पावलांवर क्वार्टर होतं, तेवढं चालायला आम्हाला खूप वेळ लागला.

त्या रात्री मीही जागाच राहिलो. साहेबांनी सांगितलं होतं, घरात सांगू नका. शब्द दिला होता. पण दुसऱ्या दिवशी ते एका बाळंतिणीला बघायला बैलगाडीनं पलीकडच्या पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, गेले आणि मी सरळ क्वार्टरच्या मागल्या दारी गेलो. तोवर मी त्या घरात पायरीच्या आत गेलो नव्हतो. साहेबांच्या बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. किल्ली दाखवली.

बाईंनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. सांगून झालं तरी त्या सोलतच होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, महिनाभर मी दाराला आडवं अंथरूण घालते आहे. त्यांना वाटतं, मला आत उकडतं. थंडीच्या दिवसात."

"म्हणजे तुमाले माहीत होतं?"

"मला काय माहीत होतं? रात्री उठून बाहेर जातात, विहिरीकडे तोंड करून उभे राहतात. मी हाक मारली की येतात. मी विचारलं नाही. विचारलं तर ते खरं होईल असं वाटायचं." मग त्यांचा बांध फुटला. पदर तोंडात कोंबून रडल्या. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

नागपूरला एक म्हातारे डॉक्टर होते, ज्यांच्या हाताखाली साहेब शिकले होते. त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "तुम्हीही चला. माझं एकटीचं ते ऐकायचे नाहीत."

साहेबांना त्या संध्याकाळी कळलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता." आणि नंतर माझ्याशी बोलणं बंद. मी चिठ्ठी घ्यायला पुढे झालो की टेबलावर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. मला ते फार लागलं. मी बरोबर केलं हे कळत होतं, तरी लागलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बस धरली. पुढच्या बाकावर साहेब आणि बाई, मागे मी. हिंगणघाटला बस थांबली. मी तीन कप चहा आणला. साहेबांनी घेतला नाही. दोन कप मीच प्यालो, कारण टाकून देणं जमेना.

म्हातारे डॉक्टर जाड चष्म्याचे, कानानं जरा कमी. त्यांनी मला बाहेर बसवलं नाही. "किल्ली यानं ठेवली ना? मग बसू दे," म्हणाले. नाडी पाहिली, डोळे पाहिले, भूक विचारली, कितीला झोपता, कितीला जाग येते, हे अगदी घड्याळाच्या काट्यानं विचारलं. आणि मग त्याच आवाजात, जसं पोट साफ होतं का विचारावं तसं, विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

बाईंनी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "हो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"कसं करायचं ते ठरवलं होतंस?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि होय म्हणून मान हलवली.

काही झालं नाही. छत पडलं नाही. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं झालं बोललास. आता आपण झोपेपासून सुरुवात करू." साहेब म्हणाले, "झोप काय, मूळ दुखणं गेलं की येईल." त्यावर ते जरा तापले. "हे आम्हीच तुम्हाला शिकवलं, आणि चुकीचं शिकवलं. मन बरं होईल तेव्हा होईल. तोवर तू जागून जागून अर्धा होशील. महिनोन् महिने न झोपलेल्या माणसाला मरण म्हणजे गादी वाटते. दोन्हींवर एकदम इलाज करायचा."

साहेबांना वीस दिवस तिथल्याच एका दवाखान्यात ठेवून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी परत निघालो. बाई तिथेच राहिल्या. निघताना म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला शिकवणी घेतल्यासारखं समोर उभं केलं. घरी आले की रोज संध्याकाळी एकच दिवसाची गोळी न्यायची. घरात एकही शिल्लक ठेवायची नाही. समोर गिळायला लावायची. सकाळी पाचला उठायचं, झोप झालेली असो नसो. दिवसा पाठ टेकायची नाही. रात्री झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं, आणि बाईंनी जागं राहायचं. चार वाजल्यानंतर चहा बंद. "आणि रोज विचारायचं, आज मनात मरणाचं आलं का."

मी म्हटलं, "साहेब, असं कसं इचारू? इचारल्यानं उलट डोक्यात नाही का बसणार?"

"ते आधीच बसलंय," ते म्हणाले. "तू विचारलंस तर त्याला बाहेर यायला दार मिळेल."

जानेवारीत साहेब परतले. दोन महिने रजा होती. हप्त्यातून दोन दिवस पांढरकवड्याहून दुसरे डॉक्टर यायचे, बाकीचे दिवस मीच. खरूज, हिवताप, नारू, विंचू. आणि दिवेलागणीला गोळी घेऊन क्वार्टर.

पहिल्या संध्याकाळी मी दारात उभा राहिलो. साहेब खुर्चीत. माझ्याशी त्यांचं बोलणं अजून बंदच होतं. मी कागदात बांधलेली गोळी दिली, बाईंनी पाणी दिलं, त्यांनी गिळली. आता विचारायचं.

"साहेब... आज ते... आलतं काय मनात?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता हाकलतात. मग म्हणाले, "आलं होतं. सकाळी. दाढी करताना."

"मंग?"

"मग गेलं."

मी घरी आलो आणि भाकरी न करताच झोपलो.

त्यानंतर रोज. कुणाला वाटेल, यात काय एवढं? एक गोळी, एक प्रश्न. पण रोज म्हणजे रोज. रविवारी, सणाला, मला ताप असताना. बदली माणूस नव्हता. किल्ली दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती आणि गावात सांगता येत नव्हतं. गाव विचारायचं, "डाक्टरले काय झालं?" आम्ही "पोटाचं" म्हणून सांगायचो. लोक म्हणायचे, एवढी सरकारी नोकरी, एवढी चांगली बाई, यांना काय कमी? मीही एकदा साहेबांना विचारून बसलो, "कायच्यानं झालं हो साहेब?" ते म्हणाले, "कारण सापडलं असतं तर मीच औषध लिहिलं असतं."

आमच्याकडे होळी म्हणजे वर्षाचा सण. तांड्यात लेंगी गातात, बायका-पुरुष रात्रभर नाचतात, परमुलखात गेलेला माणूसही होळीला येतो. मी गेलो नाही. नंतर दोन दिवसांची सवड काढून गेलो तो बाईंना दोन गोळ्या मोजून देऊन, आणि रस्ताभर जीव टांगणीला. याडी, म्हणजे माझी आई, माझ्याशी नीट बोललीच नाही. आमच्या बोलीत म्हणाली त्याचा अर्थ असा, की त्या डॉक्टरला जन्म देणारी कुणी नाही का, सगळं तूच करायचं? मी तिला खरं सांगू शकत नव्हतो. सांगितलं असतं तर तिनं भगताकडून धागा आणला असता, आणि तांडाभर झालं असतं. मी जेवलो आणि दुसऱ्या पहाटे निघालो.

मार्च-एप्रिलमध्ये झोप तीन-चार तासांवर आली. पहाटे पाचला साहेब आणि बाई नाल्याच्या बाजूनं फिरायला जायचे. नवरा-बायको असे जोडीनं बिनकामाचे फिरतात याचं गावाला नवल. बायका दारात उभ्या राहून बघायच्या. बाई आधी लाजायच्या, मग त्यांनी लाजणं सोडलं. मला एकदा म्हणाल्या, "भाऊ, मी पण झोपेला आचवले आहे. चालता चालता डोळे मिटतात. पण थांबले तर ते पुढे निघून जातील अशी भीती वाटते." मी म्हटलं, तुम्ही दुपारी एक तास झोपा, मी पडवीत बसतो. त्या दिवसापासून दुपारी दवाखाना बंद झाला की मी क्वार्टरच्या पडवीत बसायचो. साहेब समोर काहीतरी वाचायचे. दोघंही पेंगायचो, आणि दोघांनाही झोपायची मनाई. असे आम्ही एकमेकांना जागं ठेवत होतो.

सगळं सरळ चढतीचं नव्हतं. चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी विचारलं की उत्तर यायचं, "दिवसभर." त्या रात्री मग मी क्वार्टरमध्येच सतरंजी टाकायचो. बाईंनी मला आतल्या खोलीत ताट वाढलं ते पहिल्यांदा तेव्हाच. तांड्यातल्या माणसाला आतल्या खोलीत ताट म्हणजे काय, ते मला कळलं.

मे महिन्यातली एक गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. दिवसभर लू चालली होती. गावात गोवर होता. एक लेकरू माझ्यासमोर गेलं होतं. डॉक्टर यायचा दिवस नव्हता. मी संध्याकाळी क्वार्टरवर गेलो तेव्हा डोकं फुटत होतं. गोळी दिली. विचारलं. साहेब म्हणाले, "आलं होतं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रोज येते तं मी तरी काय करू?"

बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला वाटलं, जमीन फाटावी. पाच महिने सांभाळलं आणि एका वाक्यात घालवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर साहेब हसले. खरंच हसले. नागपूरला जाण्याच्या आधीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"हे बरोबर बोललात," ते म्हणाले. "काही करू नका हो. तुमच्यानं होण्यासारखं नाही ते. नुसतं विचारत जा."

मग म्हणाले, "बसा." आणि बाईंना, "यांना सरबत दे." आम्ही बसलो. त्यांनी मला गोवराच्या त्या लेकराबद्दल विचारलं. कितीचं होतं, छाती कशी होती, मी काय दिलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी असतो तरी तेच दिलं असतं." ते खरं होतं की माझ्यासाठी म्हणाले, मला आजवर माहीत नाही. पण त्या रात्री मी झोपलो. आणि त्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी बोलणं पहिल्यासारखं सुरू झालं. किंबहुना पहिल्यापेक्षा जास्त.

रजा दोनदा वाढवून जूनमध्ये ते अर्धा दिवस दवाखान्यात बसू लागले. म्हाताऱ्या डॉक्टरांचं दर महिन्याला कार्ड यायचं, त्यात गोळी अर्धी करा, मग पाव करा, असं. पाव गोळी पातळ पात्यानं कापायची म्हणजे कसरत होती. निम्मी भुकटी व्हायची. श्रावणात तीही बंद झाली. कपाटाची किल्ली मात्र माझ्याकडेच होती, ती साहेबांनी परत मागितली नाही.

भाद्रपदात परत घसरण झाली. एक बाई बाळंतपणात गेली. नाल्याला पूर होता, गाडी अडकली, साहेब पोचले तोवर उशीर झाला होता. परत आले ते ओलेच खुर्चीत बसले. मी मनात म्हटलं, झालं, आता सगळं पहिल्यापासून. आणि खरंच त्यांची झोप गेली. पण नवव्या की दहाव्या दिवशी, भर दुपारी, पडवीत रोगी बसलेले असताना, ते माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कंपाउंडर, परत सुरू झालंय. आज संध्याकाळी गोळी आणा. आणि घरी मी सांगितलं आहे."

मी विचारायच्या आधी ते स्वतः सांगत आले, एवढाच फरक. पण मला तो डोंगराएवढा वाटला. त्या खेपेला तीन आठवड्यांत निभावलं.

साठच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. गावानं हार घातले, मास्तरांनी भाषण केलं, पोटाच्या आजारातून साहेब बरे झाले याचा उल्लेख केला. बाई माझ्याकडे बघून किंचित हसल्या. ट्रकवर सामान चढलं तेव्हा साहेबांनी माझा हात धरला. बाई म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही घरी जाऊन या."

मी दहा दिवसांची रजा काढली आणि तांड्यात गेलो. याडीनं विचारलं, "किती दिवस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग झोप आधी." मी निंबाखाली बाज टाकली. पण खरं सांगायचं तर मला त्या दहा दिवसांत नीट झोप लागली नाही. दिवेलागण झाली की उठून बसायचो. वाटायचं, कुठंतरी जायचं राहिलंय. ते जायला जवळजवळ वर्ष लागलं.

पुढे माझ्याही बदल्या झाल्या. सहा-सात दवाखाने झाले. प्रत्येक गावात झोप येत नाही म्हणणारं कुणीतरी यायचं. बहुतेकांना दुसरंच काही असायचं, दमा, खाज, घरातली भांडणं. पण एखादी बाई, एखादा माणूस असा यायचा की बोलता बोलता नजर जमिनीला जायची. मी औषधाची बाटली बाजूला ठेवायचो आणि विचारायचो. काही डॉक्टर माझ्यावर रागावले, कंपाउंडरनं हे विचारायचं काम नाही म्हणाले. मी हौ जी म्हणायचो आणि विचारायचो. काही वाचले. एक वाचला नाही. लोहाऱ्याकडचा एक तरुण मास्तर होता, त्याला मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तो "नाही" म्हणाला. त्याच्याबद्दल अजून विचार करतो. आणखी कसं विचारायला हवं होतं, ते मला कळलेलं नाही.

साहेब मला सहासष्ट साली यवतमाळच्या बसस्टँडवर भेटले. केस पांढरे झाले होते, अंगानं भरले होते. मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आले होते. आम्ही उपाहारगृहात बसलो. दुपारचे तीन वाजले असतील, त्यांनी चहा घेतला.

मी म्हटलं, "झोप कशी हाय साहेब?"

"पाच तास. कधी साडेचार." ते म्हणाले. "वर्षातून एखाद वेळी जाते. मग घरी सांगतो."

"आणि ते?"

शेजारच्या टेबलावर माणसं होती. त्यांनी आवाज कमी केला नाही. "येतं कधीकधी. पूर्वीसारखं बसून राहत नाही." मग मला म्हणाले, "तुमचं काय? तुम्ही फार थकलेले दिसता."

तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "थकलो जी. दवाखान्यात माणूस कमी, गर्दी लय." ते ऐकत राहिले. मग मी घरचं सांगितलं, याडी गेल्याचं सांगितलं, नव्या डॉक्टरशी पटत नाही ते सांगितलं. बराच वेळ बोललो. त्यांची दारव्ह्याची बस लागली आणि सुटलीही, ते उठले नाहीत. म्हणाले, पुढची पाचला आहे.